उरकुडाची चार बोटं

फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. नेमकी किती वर्षांपूर्वीची, ते आमच्या पळसगोट्यात कुणाला विचारू नका. विचारलंत की समोरचा आधी तुम्हालाच विचारील, तुम्हाला कशाला हवं? गावाची रीतच तशी. इथं पाण्याचा तांब्या पुढे केला तर पाहुणा पितो आणि गावकरी आधी वास घेतो. हे मी निंदा म्हणून सांगत नाही, मीही इथलाच आहे. पण गोष्ट समजायची असेल तर एवढं आधी ठाऊक असलेलं बरं.

तर तेव्हाही गाव असंच होतं, आणि गावाच्या वर तो मोठा तलाव होता. तलावाखाली धानाच्या बांध्या, एकीखाली एक उतरत गेलेल्या. प्रत्येक बांधीभोवती मातीचा धुरा, आणि धुऱ्याला एक खाच. बांधीत जास्त झालेलं पाणी त्या खाचेतून खालच्या बांधीत जायचं, तिथून आणखी खालच्या, आणि सगळ्यांत शेवटी टोल्याच्या बोडीत. बोडी म्हणजे लहान तलाव, आणि टोला म्हणजे आमच्या खालची वस्ती. बोडीच्या मातीच्या पाळीखालीच टोल्याची घरं होती. इतकी जवळ, की पाळीवर उभं राहिलं तर कौलांवर वाळत घातलेली मोहफुलं दिसायची.

वरच्या तलावाचं पाणी बांध्यांना आळीपाळीनं सोडायचं काम पाणकराचं. त्या काळी पाणकर होता उरकुडा. त्याच्या आईची आधीची लेकरं जगली नव्हती. म्हणून हा जन्मला तसा त्याला उकिरड्यावर ठेवला आणि टाकलेलं पोर म्हणून परत उचलला. नावही तेच ठेवलं, मरणाला चकवायला; आमच्याकडे उकिरड्याला उरकुडा म्हणतात. त्यामुळे मरणाला त्याचा पत्ता पुढे कधी नीट सापडलाच नाही, असं म्हणतात.

या उरकुडाला एक खोड होती. पाऊस असो नसो, तो धुऱ्याधुऱ्यानं फिरायचा. प्रत्येक बांधीशी उकिडवा बसायचा आणि धुऱ्याच्या आतल्या अंगाला हात आडवा लावायचा. पहिलं बोट धुऱ्याच्या माथ्याशी, करंगळी खाली. कुठे पाणी करंगळीच्याही खाली असायचं, कुठे पहिल्या बोटाला ओलं करायचं. किती बोटं कोरडी राहिली ते तो पुटपुटायचा आणि उठून पुढच्या बांधीला जायचा. बांधीची जेवढी बोटं रिकामी, तेवढा पाऊस ती पोटात ठेवते, असं त्याचं म्हणणं. तुडुंब भरलेल्या बांधीवर पडलेला पाऊस मात्र टिकत नाही. तो घरात पाऊल न ठेवता खालच्या दारी जातो.

म्हणणं एवढं साधं होतं. पण गावाला साधं काही सांगितलं की गाव सावध होतं.

एका साली त्यानं सगळ्या बांध्यांची बोटं पाहिली, आभाळाकडे पाहिलं, आणि टोल्याच्या बोडीत बांबूची एक खुंटी ठोकली. उद्याच्या पावसानं पाणी इथवर चढेल, म्हणाला. पाऊस आला. पाणी चढत चढत खुंटीशी आलं आणि दाव्याला बांधलेल्या गुरासारखं तिथं थांबलं. टोल्याचा बकाराम फार पक्का माणूस. पुढच्या वेळी उरकुडानं खुंटी ठोकली, तर बकारामनं ती गुपचूप उपटून हातभर खाली रोवली. पाणी खाली रोवलेल्या खुंटीला ओलांडून गेलं आणि आधीच्या खुंटीच्या भोकापाशी जाऊन थांबलं.

आता तुम्ही म्हणाल, बकारामला उरकुडाचं ज्ञान पटलं असेल. छे. बकाराम घरी आला आणि म्हणाला, उरकुडाला पाणी ओळखतं. हा पाण्याशी बोलतो.

झालं. त्या दिवसापासून उरकुडा बांधीशी बसून पुटपुटताना दिसला की बाया पोरांना आत घ्यायच्या. पळसगोट्याचा डोमाजी पाटील तर उघडच म्हणायचा की हा माणूस काहीतरी जाणतो आणि जेवढं जाणतो तेवढं सांगत नाही. मग त्याला काढून का टाकलं नाही? कारण दुसरा पाणकर केला तर तो कुणाच्या बाजूचा निघेल, याची भीती त्याहून मोठी होती.

उरकुडाला एकच लेक, भिवरा. तिची आई लवकर गेली, बापानंच वाढवलेली. तिला पळसगोट्यात कुणी सून करून घेईना. पाणकराशी सोयरीक केली की त्या घराच्या बांधीतलं पाणी रोज लोक येऊन बघणार, कोण ती कटकट मागे लावून घेईल? शेवटी उरकुडानं तिला टोल्यात दिली, आणि तीही बकारामच्या घरी. बकारामनं ही सोयरीक का केली असेल? जो पाण्याशी बोलतो तो माणूस आपल्या डोळ्यांसमोर असावा म्हणून, असं म्हणतात. मला हे खरं वाटतं.

तेव्हापासून उरकुडाची दोन्हीकडून कोंडी झाली. वरचे म्हणायचे, हा आपलं पाणी लेकीच्या बोडीत सोडतो. खालचे म्हणायचे, हा वरच्यांचा माणूस, कधीतरी आपल्याला बुडवणार.

मग ते साल आलं. पोळ्यापर्यंत पाऊस झकास झाला आणि नंतर आभाळानं तोंडच फिरवलं. धान पोटरीत आलेलं, म्हणजे कणीस पोटात आणि बाहेर यायची घाई. अशा वेळी पाणी तुटलं की दाणा भरत नाही, नुसती फोलपटं हाती येतात. उरकुडानं तलावाचं तोंड उघडलं आणि आळीपाळीनं पाणी सोडलं. तलाव तळाला गेला. हे शेवटचं पाणी, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

आणि इथं आमच्या लोकांनी ती चूक केली, जी आमचेच लोक करू शकतात. बांधीला हवं तेवढं पाणी घेऊन कुणी थांबला नाही. आपण थांबलो तर उरलेलं शेजारी घेईल, असं प्रत्येकाला वाटलं. म्हणून प्रत्येकानं धुऱ्यावर चिखलाचा थर चढवला, खाच बुजवली आणि बांधी काठोकाठ भरली. शेजाऱ्यानं ते पाहून आपला धुरा आणखी उंच केला. वरपासून खालपर्यंत सगळ्या बांध्या अशा भरल्या की वाऱ्यानं पाणी धुऱ्यावर हलायचं. उरकुडा हात लावत फिरला. सगळीकडे पहिलं बोट ओलं. गावाच्या मनात किती संशय आहे, ते त्या दिवशी त्याच्या बोटांना कळलं, असं म्हणतात.

हस्त नक्षत्र जवळ आलं होतं. आमच्याकडे त्याला हत्ती म्हणतात, कारण त्याचा पाऊस सोंडेनं ओतल्यासारखा पडतो. पूर्वेकडे ढगांचा काळा पट्टा दिसू लागला. उरकुडानं भरल्या बांध्यांचा आणि येणाऱ्या पावसाचा हिशेब मनात जमवला, आणि तो बोडीच्या पाळीपेक्षा वर गेला. चांगला चार बोटं वर. मातीच्या पाळीवरून पाणी एकदा वाहू लागलं की पाळ राहत नाही, आणि पाळ राहिली नाही तर टोला राहत नाही. टोल्यात बकारामचं घर पाळीला सगळ्यांत लागून, आणि त्या घरात भिवरा होती. तिचं लेकरू नुकतंच रांगायला लागलेलं.

उरकुडा आधी डोमाजी पाटलाकडे गेला. आज बोडी रिकामी आहे, तिच्यात जागा आहे, म्हणाला. आजच प्रत्येक बांधीतून वरची चार बोटं पाणी सोडा, म्हणजे हत्ती येईल तेव्हा बांध्या त्याला पोटात घेतील. खाली उरेल तेवढं पाणी धानाला पुरे आहे. डोमाजीनं शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, आमचं शेवटचं पाणी, आणि जाणार तुझ्या लेकीच्या बोडीत, होय ना? त्याच दिवशी खाचांवर पहारे बसले.

मग तो टोल्यात व्याह्याकडे गेला. बोडीचा सांडवा खणून खोल करा, पाणी चढेल तसं नदीला जाऊ द्या, म्हणाला. बकारामनं त्याला पाटावर बसवलं, पण मनातलं काही हललं नाही. ऐन दुष्काळात वरच्या गावचा माणूस येतो आणि आमची बोडी फोडायला सांगतो, हे काय कुणाला कळत नाही? त्यानं सांडव्यावर दोन धोंडे आणखी ठेवले.

भिवरा दाराआड उभी राहून ऐकत होती. बाप जायला निघाला तेव्हा तिनं त्याच्याकडे पाहिलं, पण सासऱ्यासमोर काही बोलली नाही. बापाला वाटलं, हिलाही आपला संशय येतो. ते त्याला फार लागलं असं म्हणतात. आणि मला वाटतं, पुढचं सगळं त्या एका नजरेतून झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवळासमोर माणसं बसली होती. उरकुडा आला, त्याच्या हातात फडक्यात बांधलेली राख होती. तो कुणाला काही बोलला नाही. तलावाच्या वाटेला लागला, आणि सगळे पाहताहेत हे बघून राख पाठीमागे लपवली. लपवली म्हटल्यावर आमचं गाव बसून राहील का? त्याला धरला, फडकं सोडलं, आणि काय रे हे, म्हणून विचारलं. उरकुडा गप्प. त्याला मोहाच्या झाडाला बांधला. तरी गप्प. मग मारला.

इथं थोडं थांबतो. कारण लहान पोरं मला नेहमी विचारतात, की त्यानं आधीच का सांगून टाकलं नाही? बाळांनो, आपणहून सांगितलेलं आमच्या गावाला पटत नाही. आदल्या दिवशी तो आपणहूनच सांगायला आला होता ना? त्याला हे ठाऊक होतं, की मारून काढलेलं बोलणं तेवढं हे लोक खरं धरतात. म्हणून तो मार खात राहिला. लोकांना पुरेसा विश्वास येईपर्यंत खात राहिला.

शेवटी त्याचं डोकं छातीवर आलं आणि तो म्हणाला, "होय गा पाटील. तुम्ही म्हनता तेच खरं आहे. मी करनी केलो. तुमच्या बांध्याइतल्या पान्याले बाधा केलो. हत्ती लागला का सारं धान पोचट होईन."

डोमाजीनं उतारा विचारला. उरकुडा पुन्हा गप्प. आणखी मार बसला. तेव्हा कुठे तो म्हणाला, की बाधा पाण्याच्या वर तरंगते. वरची चार बोटं पाणी काढून टाकलं तर खालचं चांगलं राहतं. पण एकाच्याही बांधीत ते राहिलं तर सगळ्यांचं धान जाईल.

करणी तेलासारखी वर तरंगते, हे आमच्या गावाला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. कुणालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. खरं सांगायला आला तेव्हा ज्याच्यावर एकानंही विश्वास ठेवला नाही, त्याचं खोटं दुपारच्या आत गावभर पटलं. माणसं कुदळी घेऊन धावली. खाचा मोकळ्या झाल्या, धुऱ्यावरचे चिखलाचे थर उतरले. आणि कुणी चोरून पाणी ठेवलं का, हे पाहायला प्रत्येक जण शेजाऱ्याच्या बांधीवर जाऊन हात आडवा लावू लागला. इतकी वर्षं ज्या खोडीची भीती वाटायची, ती खोड त्या दुपारी अख्ख्या गावाला लागली.

पाण्याच्या आधी बातमी टोल्यात पोचली. बाधलेलं पाणी आपल्या बोडीत येतंय म्हटल्यावर बकारामची पाचावर धारण बसली. त्यानं स्वतः धोंडे काढले, सांडवा कमरेइतका खोल खणवला, आणि आलेलं पाणी आलं तसं नदीला लावून दिलं. उरकुडानं पाटावर बसून जे मागितलं होतं, ते सगळं झालं.

पळसगोट्यानं उरकुडाला सोडलं ते गावाबाहेर काढण्यासाठी. परत दिसलास तर जिवंत ठेवणार नाही, म्हणाले. तो लंगडत खाली उतरला आणि बोडीच्या पाळीवर जाऊन बसला. तिथं भिवरा आली. सासरच्यांनी तिला ताकीद दिली होती, तरी आली.

"बा," ती म्हणाली, "तू खरंच का टाकलास पान्यात?"

"काईच टाकलो नाई, माय. लोकाइच्या मनात जे होतं, तेच त्याइले देल्लो."

"मंग सांग ना त्याइले. मी सांगू का?"

"पाऊस येऊन जाऊ दे. आताच सांगशीन त खाचा पुन्हा बुजवतीन."

भिवरा रडली. म्हणाली, "काल मी तुझ्याकडं पाहिलो, त मले वाटे का तुझ्यासंग चालली जावं. तुले का वाटलं?"

उरकुडानं तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि तिला घरी धाडलं. आपल्याला काय वाटलं होतं, ते त्यानं लेकीला कळू दिलं नाही.

मग हत्ती आला. तसा पाऊस त्याआधी आणि त्यानंतर कुणी पाहिला नाही असं म्हणतात. समोरच्याचं बोलणं ऐकू येईना आणि अंगणातली विहीर दिसेना. बांध्या पोट भरेपर्यंत प्यायल्या, मग खाचांतून पाणी खाली सुटलं आणि बोडी चढू लागली. सांडवा भरून वाहत होता, तरी ती चढत होती. पाळीवर उरकुडा बसून होता. पाळीच्या आतल्या अंगाला त्यानं हात आडवा लावला होता, पहिलं बोट माथ्याशी, करंगळी खाली. पाणी करंगळीला येऊन लागलं. तेव्हा तो पाण्याशी काही बोलला म्हणतात. बकारामनं ते आपल्या दारातून ऐकलं म्हणतात. पण त्या पावसात बकारामला कसं ऐकू गेलं, हे मला अजून कुणी नीट सांगू शकलेलं नाही.

एवढं मात्र खरं, की पाणी करंगळीच्या वर चढलं नाही.

उजाडलं तेव्हा पाऊस थांबला होता, टोला जागच्या जागी होता, आणि पाळीवर कुणी नव्हतं. ओल्या मातीत हाताचा ठसा होता, आडवा. त्याच्या करंगळीला पाणी टेकून उभं होतं. बोडीत गळ टाकून पाहिला, नदीपर्यंत माणसं जाऊन आली, उरकुडा मिळाला नाही. कुणी म्हणतात तो पाण्यातून चालत गेला. कुणी म्हणतात मरणाला याही वेळी पत्ता सापडला नाही. आमच्या गावात काही जण असंही म्हणतात, की तो कुठेतरी लपून बसला आणि अजून सगळं बघतो आहे. काही असो, तो ठसा पुढे किती पावसाळे झाले तरी विरला नाही.

दोन्ही गावांची माणसं पाळीवर जमली. टोल्याचे म्हणत होते, बघा, करणीचा पाऊस. वरचे म्हणत होते, बरं झालं हाकलला. डोमाजी पाटील खाली वाकला आणि त्यानं आपला हात त्या ठशात ठेवला. करंगळीपासून माथ्यापर्यंत चार बोटं. त्यानं वर बांध्यांकडे पाहिलं, मग पाळीखालच्या कौलांकडे पाहिलं.

तेवढ्यात गर्दीतून भिवरा पुढे आली. कडेवरचं लेकरू तिनं सासूकडे दिलं, पाळ उतरून पाण्यात गेली आणि सगळ्यांच्या देखत ओंजळ भरली.

"हे तुमचं बाधलेलं पानी," ती म्हणाली. "मी पेतो. पाहा मले का होते त."

ती प्यायली. बकारामनं डोळे मिटून घेतले. बाकी सगळे तिच्याकडे पाहत राहिले, की आता पडेल, मग पडेल. ती पडली नाही. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि आदल्या दिवशी बाप काय म्हणाला ते सगळं सांगितलं.

कुणाचं काय म्हणणं पडलं, ते विचारू नका. निम्म्यांनी मान खाली घातली. निम्मे म्हणाले, बापाची बाजू लेक घेणारच. डोमाजी पाटील मात्र तिच्याजवळ गेला आणि हळू आवाजात बोलला. त्याचं ते बोलणं आमच्याकडे अजून जसंच्या तसं सांगतात.

"पोरी, तुझं खरं आहे. माझ्या हाताले समजलं. पन निम्म्याइले पटलं नाई तेच बरं, आता हे पुन्हा सांगू नोको. करनी नव्हती म्हनून साऱ्याइले पटलं, त पुढच्या साली कोन आपल्या बांधीतलं पानी सोडीन?"

भिवरानं पाटलाकडे पाहिलं. तिच्या बापाचं नाव स्वच्छ करायचं, की टोला वाचवायचा, एवढंच तो विचारत होता. आणि बापानं ते कधीच ठरवून टाकलं होतं.

"पुन्हा नाई सांगत," ती म्हणाली. "पन दरसाली मी येईन, आन् तुमच्यासमोर पानी पेईन."

म्हणून आजही हत्ती लागायच्या आदल्या दिवशी आमच्याकडे धुरे उतरवतात. आपल्या बांधीची खाच आपण कापायची नाही, ती शेजाऱ्यानं कापायची. मग हात आडवा लावून बघायचं, उरकुडाची चार बोटं रिकामी झाली का. कापताना मोठ्यानं म्हणायचं, बाधलेलं पाणी जाऊ दे. टोल्याची माणसं वर येतात, आम्ही कापलं की नाही ते तपासायला. आणि ते तपासताना काही गडबड करत नाहीत ना, हे बघायला आमची माणसं त्यांच्या मागे फिरतात. त्या दिवशी दोन्ही गावांत कुणाचा कुणावर विश्वास नसतो, पण तेव्हापासून बोडीची पाळ एकदाही फुटलेली नाही.

दिवस कलताना ते पाणी बोडीत उतरतं. मग पळसगोट्याची टोल्यात दिलेली एखादी लेक पाळीवर येते. उरकुडाच्या ठशाला हात लावते, पाण्यात उतरते, ओंजळ भरते आणि पिते. तेवढा वेळ कुणी बोलत नाही. जाणती माणसंही नाही, ज्यांना सगळं ठाऊक आहे. सगळे तिच्याकडे टक लावून बघतात.

तिला काही होत नाही. ती पदरानं तोंड पुसते आणि घरी जाते. पुढच्या साली गावाला पुन्हा शंका येते, आणि पुन्हा कुणाची तरी लेक येऊन ओंजळ भरते.